‘थर्ड कझिन’ आणि ‘वन्स रिमूव्ह्ड’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: ‘राणी दुसरी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप हे एकमेकांचे थर्ड कझिन होते, शिवाय दुसऱ्या बाजूने सेकंड कझिन वन्स रिमूव्ह्डही होते, असे वाचले. मराठीत हे कसे लिहावे? दूरचे चुलत भाऊबहीण म्हटले तर चालेल का? आणि अशांना व्हिक्टोरियाचे वंशज म्हणायचे की वारस?’

‘दूरचे’ चालेल, ‘चुलत’ चालणार नाही. चुलत हे नाते दोन भावांच्या मुलांचे. इथे मुळाशी भाऊ-बहीण आहेत. व्हिक्टोरियाचा मुलगा सातवा एडवर्ड आणि मुलगी ॲलिस ही सख्खी भावंडे. त्यामुळे एडवर्डचा मुलगा पाचवा जॉर्ज आणि ॲलिसची मुलगी हेसची व्हिक्टोरिया ही आते-मामे भावंडे झाली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना मराठीत वेगळे नाव नाही. एरवी नात्यांच्या शब्दांत श्रीमंत असलेली आपली भाषा इथे हात आखडता घेते. पण तिच्याकडे दुसरी सोय आहे, ती म्हणजे वरच्या पिढ्यांची नावे.

कागदावर दोन रकाने पाडा आणि माथ्यावर व्हिक्टोरिया लिहा. डावीकडे खाली उतरत सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, एलिझाबेथ. उजवीकडे ॲलिस, हेसची व्हिक्टोरिया, बॅटनबर्गची ॲलिस, फिलिप. दोन्हीकडे चार पायऱ्या. मूल, नातवंड, पणतवंड, खापरपणतवंड. म्हणजे मराठी वाक्य सरळ आहे: ‘दोघांची खापरपणजी एकच, राणी व्हिक्टोरिया.’ थर्ड कझिनचे याहून नेमके भाषांतर होणार नाही, आणि वाचकाला बोटेही मोजावी लागत नाहीत. आजोबा एक असतील तर फर्स्ट, पणजोबा एक तर सेकंड, खापरपणजोबा एक तर थर्ड, एवढी किल्ली पुरते.

‘वन्स रिमूव्ह्ड’ म्हणजे दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांत एकाचा फरक. डेन्मार्कचा राजा नववा ख्रिश्चन माथ्यावर घ्या. एका बाजूला त्याची मुलगी अलेक्झांड्रा, मग पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, एलिझाबेथ. दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा, ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज, मग अँड्रू, मग फिलिप. एकीकडे चार पायऱ्या, दुसरीकडे तीन. मराठीत: ‘फिलिपचे पणजोबा तेच एलिझाबेथचे खापरपणजोबा.’ या बाजूने मोजले तर फिलिप तिच्या वडिलांच्या पिढीचा, म्हणजे नात्याने काका लागतो. इंग्रजी संज्ञेत ही गोष्ट लपते, कारण वडिलांचा चुलतभाऊ आणि चुलतभावाचा मुलगा या दोघांनाही तिथे फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्डच म्हणतात. आपण एकाला चुलतकाका म्हणतो, दुसऱ्याला पुतण्या. म्हणून भाषांतर करताना आधी दोघांपैकी वरच्या पिढीतला कोण ते शोधावे लागते. ते न शोधता लिहिले की काकाचा पुतण्या होतो.

मोजताना हमखास होणारी चूक वेगळीच आहे. पिढी मोजताना आपण मूळ माणसालाही धरतो. इंग्रजीत बहुधा मधली अंतरे मोजतात. व्हिक्टोरियापासून एलिझाबेथ आपल्या हिशेबाने पाचव्या पिढीत, अंतराच्या हिशेबाने चार पायऱ्या खाली. चर्चच्या जुन्या कागदांत आणखी तिसरा हिशेब भेटतो. रोमन कायद्याची रीत एका बाजूने वर चढून दुसऱ्या बाजूने उतरायची, म्हणजे एलिझाबेथ आणि फिलिप यांच्यात आठ पायऱ्या. कॅथलिक चर्चच्या जुन्या रीतीत एकच, लांबची बाजू मोजायची, म्हणजे चारच. १२१५ च्या लॅटरन परिषदेने विवाहाची मनाई सात पायऱ्यांवरून चारवर आणली ती या दुसऱ्या रीतीने. एखाद्या राजघराण्याच्या कागदात ‘चौथ्या पायरीच्या नात्यास पोपची सूट’ असे दिसले आणि रोमन रीतीने वाचले, तर खापरपणजोबा एक असणारी जोडी सख्खी आते-मामे भावंडे होऊन बसते. आपल्याकडे सपिंड मोजताना वधूवरांनाही एक पिढी धरतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना असल्या घोळाचे नवल वाटू नये.

आता ‘कझिन’ या एका शब्दाने मराठीत केलेले सर्वांत मोठे नुकसान. पहिल्या महायुद्धावरच्या लेखांत ठरलेले वाक्य असते: ‘इंग्लंडचा जॉर्ज, जर्मनीचा विल्हेल्म आणि रशियाचा निकोलस हे तिघे चुलतभाऊ, व्हिक्टोरियाचे नातू.’ या वाक्यात एकही जोडी चुलत नाही, आणि नातू दोघेच आहेत. विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची थोरली बहीण, म्हणून विल्हेल्म जॉर्जचा आतेभाऊ. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डागमार या सख्ख्या बहिणी, त्याच नवव्या ख्रिश्चनच्या मुली, म्हणून जॉर्ज आणि निकोलस मावसभाऊ. (दोघांचे चेहरे इतके सारखे का, याचे उत्तर या एका शब्दात आहे.) निकोलसची बायको ॲलिक्स ही व्हिक्टोरियाच्या ॲलिसची मुलगी, म्हणजे विल्हेल्मची मावसबहीण. तेव्हा निकोलस विल्हेल्मचा मेहुणा आणि व्हिक्टोरियाचा नातजावई. नातजावई हा शब्द मराठीत आयता असताना ‘नातू’ लिहून मोकळे होणे हा निव्वळ आळस.

वंशज की वारस? वंशज रक्ताने ठरतो, वारस नियमाने. १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला तेव्हा व्हिक्टोरिया ब्रिटनच्या गादीची वारस होती. हॅनोव्हरचे राज्यही त्याच राजाचे, पण तिथे घराण्यात पुरुष शिल्लक असेपर्यंत बाईला गादी नव्हती. ती गादी तिचा धाकटा चुलता अर्न्स्ट ऑगस्ट याला मिळाली. तिसऱ्या जॉर्जची नात म्हणून ती दोन्हीकडे वंशज, वारस मात्र एकीकडेच. ब्रिटिश उमरावांच्या सनदांत ‘हेअर्स मेल ऑफ द बॉडी’ असे कलम असते. याचे भाषांतर ‘शरीराचे पुरुष वारस’ असे वाचायला मिळते, ते वाचून अंगावर काटा येतो. आपल्या इनामपत्रांतले ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हे त्याच्या जवळचे आहे. त्यात ‘औरस’ घातले की अर्थ पुरा होतो. आणि ‘औरस’ घालायलाच हवे, कारण दत्तक. मराठी वंशावळीत दत्तक पुत्र पोटच्या मुलाच्या जागी बसतो. १८४८ मध्ये दत्तक नाकारून साताऱ्याचे राज्य खालसा झाले, ही जखम आपल्याला ठाऊक आहे. ब्रिटिश उमरावकीत दत्तक मुलाला किताबाचा वारसा मिळत नाही. जर्मनीत गंमत निराळी. १९१९ च्या वायमार घटनेने किताब हे आडनावाचे भाग ठरवले, आणि आडनाव दत्तकाने मिळते. त्यामुळे कायद्याने ‘प्रिन्स’ म्हणवणारा माणूस घराण्याच्या वंशावळीत सापडत नाही, असे होऊ शकते. त्याला वंशज म्हणू नये. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी किताबांबरोबर ‘फॉन’ही काढून टाकले, म्हणून ज्याला जर्मन कागद ओटो फॉन हाब्सबुर्ग म्हणतात तो ऑस्ट्रियात ओटो हाब्सबुर्ग-लोथरिंगन आहे. नावाचा शोध घेताना दोन्ही रूपे पाहावीत.

‘फॉन’वरून आठवले: डच ‘व्हान’ म्हणजे उमराव नव्हे. तो आपल्या ‘कर’सारखा आहे, गाव सांगतो, दर्जा नाही. बेटोव्हेन ‘व्हान’ होता. पुतण्याच्या ताब्याच्या खटल्यात १८१८ मध्ये व्हिएन्नाच्या उमरावांच्या न्यायालयाने उमरावकीचा पुरावा मागितला, तो देता आला नाही आणि खटला सामान्यांच्या न्यायालयात गेला.

वंशावळ हा शब्द मात्र जपून वापरावा. ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू, त्याला एकावर एक पेरी. युरोपीय कल्पना झाडाची, आपली बांबूची. मूळ पुरुषापासून पेरापेराने खाली येणारी. (इंग्रजी ‘पेडिग्री’चे मूळ फ्रेंचमध्ये ‘करकोच्याचा पाय’ असे आहे, तक्त्यातल्या तीन फाट्यांच्या खुणेवरून. मराठीत तो शब्द आता कुत्र्यांपुरता उरला.) दफ्तरांतला कुर्सीनामाही वरून खालीच येतो. पण जर्मन ‘आनेनटाफेल’ याच्या उलट, एका माणसापासून वर चढणारा तक्ता आहे. त्यात आईची बाजू बापाइतकीच भरते. त्याला ‘पूर्वजतक्ता’ म्हणावे.

या तक्त्याचे क्रमांक शिकून घेण्यासारखे आहेत. ज्याचा तक्ता तो १. कुणाही माणसाच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचा बाप, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. मूळ माणूस सोडला तर सम ते पुरुष, विषम त्या बायका. एलिझाबेथच्या तक्त्यात सहावा जॉर्ज २, पाचवा जॉर्ज ४, सातवा एडवर्ड ८, आणि व्हिक्टोरिया १७. फिलिपच्या तक्त्यात तीच व्हिक्टोरिया ३१. आता ३१ वरून खाली या: १५, ७, ३, १. सगळे विषम, म्हणजे आईची आई, तिची आई, तिची आई. केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए या वाटेने अखंड उतरतो. येकातेरिनबर्गजवळ १९९१ मध्ये उकरलेल्या हाडांत निकोलसची बायको, झारिना ॲलिक्स, ओळखायला फिलिपचे रक्त लागले ते यामुळेच. एलिझाबेथचे चालले नसते, तिच्या १७ नंतर लगेच ८ येतो.

याच क्रमांकांनी भावकीतली लग्नेही उघडी पडतात. स्पेनचा दुसरा कार्लोस हा चौथ्या फिलिपचा आणि त्याच्या सख्ख्या भाचीचा, मारियानाचा मुलगा. मामा-भाचीचे लग्न. त्याच्या तक्त्यात ४ वर आजोबा तिसरा फिलिप आहे, आणि १४ वरही तोच, आजीचा बाप म्हणून. त्याची बायको मार्गारेट ५ आणि १५ वर. आठ पणजोबा-पणज्यांच्या जागी दोन माणसे आधीच आजोबा-आजी होऊन बसलेली. मूळच्या तीन-चार पिढ्यांत अशीच लग्ने असल्याने कार्लोसचा अंतःप्रजनन गुणांक (आईबाप रक्ताने किती जवळचे ते सांगणारा आकडा) ०.२५४ निघतो; सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलाचा तो ०.०६२५ असतो. एकाच माणसाने दोन क्रमांक अडवणे याला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पूर्वजहानी’ असा आहे. माणूस हरवत नाही, जागा हरवते, म्हणून मला ‘पूर्वजांची पुनरुक्ती’ बरे वाटते. तक्ता भरताना दुसऱ्या जागी नाव पुन्हा लिहून ‘पाहा ४’ अशी खूण करावी आणि त्याच्या वरच्या फांद्या पुन्हा काढू नयेत, नाहीतर बेरीज चुकते.

‘मॉर्गनॅटिक’ विवाहाच्या, म्हणजे राजघराण्यातल्या पुरुषाने खालच्या दर्जाच्या बाईशी केलेल्या लग्नाच्या, संततीसाठी काही भाषांतरांत ‘लेकावळा’ योजलेला दिसतो. तो चुकीचा आहे. लेकावळा म्हणजे दासीपासून किंवा ठेवलेल्या बाईपासून झालेला. मॉर्गनॅटिक लग्न चर्चमध्ये रीतसर लागते, मुले औरसच. फक्त बापाचा दर्जा आणि गादी त्यांना नाही. जर्मनमध्ये याला ‘डाव्या हाताचे लग्न’ म्हणत, पण मराठीत डावा हात वेगळेच सुचवतो, म्हणून ‘वारसाहक्काविना विवाह’ असे लांबलचक का होईना, लिहावे. ऑस्ट्रियाच्या फ्रांझ फर्डिनांडने सोफी खोटेकशी लग्न करण्याआधी २८ जून १९०० रोजी शपथ घेतली की होणाऱ्या मुलांचा गादीवर हक्क नाही. बरोबर चौदा वर्षांनी त्याच तारखेला सारायेव्होत दोघांचा खून झाला. मुले होहेनबर्ग नावाने वाढली, आणि गादी पुढे पुतण्या कार्ल याला मिळाली. ती मुले हाब्सबुर्ग रक्ताचे वंशज आहेत, हाब्सबुर्ग घराण्यात नाहीत.

बॅटनबर्ग घराणे अशाच लग्नातून निघाले. हेसच्या अलेक्झांडरने १८५१ मध्ये युलिया हाउके हिच्याशी लग्न केले, आणि मुलांना हेसऐवजी बॅटनबर्ग हे नाव मिळाले. महायुद्धात जर्मन नाव अडचणीचे झाल्यावर १९१७ मध्ये इंग्लंडातल्या शाखेने ‘बर्ग’चा ‘माउंट’ करून ते पुढे आणले: माउंटबॅटन. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय या शाखेचे. फिलिपची आई ॲलिस त्यांची बहीण, म्हणजे ते फिलिपचे मामा. फिलिप स्वतः वडिलांकडून ग्लुक्सबुर्ग घराण्याचा. १९४७ मध्ये ग्रीक किताब सोडताना त्याने माउंटबॅटन हे आडनाव घेतले. तेव्हा ‘फिलिप माउंटबॅटन घराण्यातला’ असे लिहिणे चूक. ते त्याचे आजोळचे आडनाव.