मुलासाठी पहिला खिल्लार खोंड घेऊन यात्रेच्या प्रदर्शनात उतरवायचा आहे, तयारी कशी करावी?

मुलगा 12 वर्षांचा आहे, खोंड सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत दाखवायचाय आणि घरात आता बैल नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. खुराकाचं नंतर बघू. खिल्लार तापट आणि परक्याला बुजणारी जात, त्यामुळे खोंड पोराच्या हाताला कसा येईल याचा विचार आधी करा.

खरेदीला सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जा. आदतच घ्या, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला, वर्षाच्या आतबाहेरचा. दोन दाती, न ठेचलेला (खच्ची न केलेला) खोंड या वयाच्या पोराला आवरत नाही. तोंड लांबट, कान लहान, शिंगं बुडाशी जवळ, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) आवळ, शेपूट बारीक, खूर काळे, एवढं बघा. मग मालकाला चालवायला सांगून मागून पाय बघा. रंग कोसा की काजळी हा आवडीचा भाग, पण पायात दोष असेल तर रंगाकडे बघूच नका. कानात नोंदणीचा बिल्ला हवाच, 1 जून 2024 पासून त्याशिवाय खरेदी-विक्रीला बंदी आहे. लंपी आणि लाळ-खुरकुताच्या लशी कधी झाल्या ते विचारा. घरी आणल्यावर 15-20 दिवस इतर जनावरांपासून लांब बांधा.

पहिला आठवडा पोराने नुसतं गव्हाणीपाशी बसावं. चारा त्यानेच टाकायचा, पाणी त्यानेच दाखवायचं. मग खरारा, मानेपासून सुरुवात करून पाठीकडे. मागून अचानक हात लावायचा नाही. खोंड मान लांब करून पोळी खाजवून घ्यायला लागला की ओळख पटली समजा. त्यानंतर म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी) घालून सकाळ-संध्याकाळ फिरवावा, मोठं माणूस जवळ ठेवून. कासरा हाताला कधीही गुंडाळायचा नाही, हे त्याच्याकडून घोटून घ्या. उधळला तर सोडून द्यायचा. खोंड पुन्हा धरता येतो.

खायला कडबा, हिरवा चारा, थोडा मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड आणि खनिज मिश्रण. दर 100 किलो वजनामागे सगळं मिळून, हिरव्या चाऱ्यातलं पाणी सोडून, अडीच-तीन किलो कोरडं खाद्य धरा. यात्रा जवळ आली म्हणून भरडा आणि कणकेचे गोळे एकदम वाढवणाऱ्यांचा मला राग येतो. पोट बिघडतं, खुरांना त्रास होतो, आणि खिल्लाराला चरबी शोभतही नाही. पंचांना बांधीव अंग हवं असतं.

यात्रेआधी महिनाभर हलगी, भोंगा, गर्दी यांची सवय लावा, आधी लांबून, मग जवळून. पंच ओठ वर करून दात बघतात, म्हणून पोराने रोज तेच करावं. शिंगं साळण्याच्या (तासून गुळगुळीत करण्याच्या) फंदात पडू नका, या वयात ती कोवळी असतात. तेलाचा हात पुरे.

विकायचा की पैदाशीला ठेवायचा, हे मात्र खोंड दावणीला यायच्या आधी पोराला स्पष्ट सांगा. बैलगाडा शर्यतीला परवानगी देणारा कायदा 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, त्यामुळे चांगल्या खोंडाला शर्यतवाल्यांचंही गिऱ्हाईक येतं, आणि भर यात्रेत बापाचं मन बदलतं. आठ-दहा महिने ज्याने शेण काढलं, त्याला सौदा झाल्यावर कळणं हा अन्याय आहे. विकायचाच असेल तर दर ठरवायला रुमालाखाली बोटं धरली जातात तेव्हा त्याला शेजारी बसवा, दर त्याच्या कानात सांगा, त्याचा होकार घ्या. आणि बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावावर झाल्याशिवाय कासरा देऊ नका.