वाचकांचे प्रश्न : बेचाळीसच्या खंडात चव्वेचाळीसची लूट

प्रश्न : चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, ती हकिगत आमच्याकडे 'बेचाळीसनी गोट' (बेचाळीसची गोष्ट) म्हणूनच सांगतात. ग्रंथालयात बसून 1942 च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचे वृत्तपत्रांचे बांधीव खंड चाळले. नंदुरबारचा गोळीबार सापडला, पण खजिन्याबद्दल ओळही नाही. कुठे चुकले?
– एक वाचक, शिंदखेडा तालुका

उत्तर : साल चुकले. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती हुतात्मा झाले ते 9 सप्टेंबर 1942 रोजी. चिमठाण्याचा खजिना लुटला गेला 14 एप्रिल 1944 रोजी, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ उलटल्यावर. लोकांच्या बोलण्यात 'बेचाळीस' हे साल राहिलेले नाही, ते 'चले जाव'च्या अख्ख्या लढ्याचे नाव झाले आहे. म्हणून ऐकीव सालावर विसंबून थेट खंड उघडू नये. आधी एखाद्या जिल्हा गॅझेटिअरमधून किंवा स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रकोशातून तारीख पक्की करावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते टाळले की आठवडा वाया जातो.

आता 15 एप्रिल 1944 पासून पुढचे किमान तीन आठवडे पाहा. पहिल्याच दिवशी मोठा मथळा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. युद्धाचा काळ होता, कागदावर नियंत्रण असल्याने अंक चार-सहा पानांचे निघत आणि भारत संरक्षण नियमांमुळे बातमीला कात्री लागे. तेव्हा पहिले पान सोडून आतली पाने, 'जिल्ह्याच्या बातम्या' छापाची सदरे आणि सरकारी पत्रकांचे बारीक टाइपातले मजकूर वाचा. पुढे धरपकड आणि खटल्याच्या बातम्या येतात. त्यांत नावे आणि कलमे असल्यामुळे कित्येकदा मूळ बातमीपेक्षा त्याच जास्त उपयोगी पडतात. यानंतर उडी मारून 1969 आणि 1994 च्या एप्रिलचे अंक काढा. पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षी आठवणींचे लेख छापायची आपल्याकडे रीतच आहे.

दुसरी अडचण नावाची. या लुटीत साताऱ्याच्या प्रतिसरकारातले (इंग्रज राजवटीला समांतर चालवलेल्या सरकारातले) कार्यकर्ते होते. त्या बाजूच्या पुस्तकांत हीच घटना 'धुळ्याचा खजिना' या नावाने येते, 'चिमठाणे' हा शब्द सूचीत नसतोही. म्हणजे खानदेशाचे कपाट संपले की साताऱ्याचे कपाट उघडायचे. ग्रंथपालांना 'चिमठाण्याचे काही आहे का?' असे विचारले तर ते खरोखरच 'नाही' म्हणतील. 'प्रतिसरकारावरचे काय आहे?' असे विचारा. दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयात महाराष्ट्राचा इतिहास 954.792 खाली लागतो, चरित्रे मात्र 920 च्या पुढे आणि आत्मचरित्रे कधी कधी साहित्याच्या फळीवर. तालुक्याच्या बऱ्याच वाचनालयांत नुसत्या दाखल क्रमांकानेच (पुस्तक आले त्या क्रमानेच) पुस्तके लावलेली असतात. तिथे दाखल नोंदवही मागून ओळीने वाचणे हाच उपाय. शाळा, पतपेढ्या, नगरपालिका यांच्या स्मरणिका 'किरकोळ' लिहिलेल्या कपाटात पडून असतात. ते कपाट चुकवू नका.

मुंबईच्या पुराभिलेखागारात जायचे ठरलेच, तर गृह खात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फायली मागा. तिथे जिल्हा 'धुळे' म्हणून शोधू नका, तो तेव्हा 'पश्चिम खानदेश' होता.

टिपण घेताना वृत्तपत्राचे नाव, तारीख, पान आणि स्तंभ या चार गोष्टी मजकुराच्या आधी लिहा. मोबाइलने छायाचित्र घेण्याची परवानगी असेल तर आधी अंकाच्या शिरोभागाचे घ्या, मग बातमीचे. नुसत्या कात्रणाचे छायाचित्र सहा महिन्यांनी कशातले ते कळत नाही. फ्लॅश बंद ठेवा, हाती पेन्सिलच ठेवा आणि बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. त्या काळचा वृत्तपत्री कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, घडीवर हमखास तुटतो. कोणते अंक पाहिले आणि त्यांत काही *मिळाले नाही*, तेही लिहून ठेवा.

रक्कम, माणसांची नावे, वाहन कुठे अडवले या गोष्टी तीन साधनांत ताडून पाहा. मात्र दोन पुस्तकांत वाक्ये सारखीच आढळली, तर ती दोन साधने नव्हेत. एकाने दुसऱ्याचे उतरवलेले असते, त्याला एकच समजा.

प्रश्न : 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये मालेगाव तालुका का नाही? तो तर जुन्या खानदेशातला ना?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : होता. पण 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण तिकडे गेले. 1880 चे खानदेश गॅझेटिअर (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड) त्यानंतरचे, म्हणून त्या गावांसाठी नाशिकचा खंड पाहावा लागतो. पुढची वाटणीही ध्यानात असू द्या : 1906 मध्ये पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे), 1960 पासून जळगाव आणि धुळे, आणि 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार. पश्चिम खानदेशातली काही गावे 1960 मध्ये गुजरातेत गेली, त्यांची कुळकथा आता तिकडच्या नोंदींत चालू राहते. लोकसंख्येचे जुने आणि नवे आकडे शेजारी मांडण्याआधी हद्द तीच आहे ना, हे पाहिलेच पाहिजे. जिल्ह्याची लोकसंख्या एकदम निम्मी झालेली दिसली तर दुष्काळ शोधत बसण्याआधी नकाशा काढा.

प्रश्न : घरच्या मोडी कागदावर 'सुहूर सन' आहे. इसवी सन कसे काढायचे?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : सुहूर सन म्हणजे मराठी दप्तरांतली जुनी कालगणना. त्यात 599 मिळवा. तारीख जानेवारी ते जूनच्या आरंभापर्यंतची असेल तर 600. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलते, म्हणून असा फरक. पडताळ्याला पानिपत घ्या : 14 जानेवारी 1761 म्हणजे सुहूर 1161, शके 1682 आणि दख्खनी फसली (महसुली सन) 1170. शकात 78 मिळवतात (जानेवारीपासून फाल्गुनअखेर 79), दख्खनी फसलीत 590 किंवा 591. सुहूर सन आकड्यांत नसून अरबी शब्दांत असेल तर एकं आधी येते : 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. व्यापाऱ्याच्या चोपडीत बहुधा विक्रम संवत असतो आणि त्याचे वर्ष दिवाळीला बदलते. त्याला हा हिशेब लावू नका. वाचन अडले तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला आधी पत्र लिहून मगच जा. मूळ कागद सोबत नेऊ नका, स्वच्छ छायाप्रत न्या.

प्रश्न : फैजपूर अधिवेशनातले गांधीजींचे भाषण त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या संगणकावरच्या 64 व्या खंडात सापडत नाही.
– एक वाचक, रावेर

उत्तर : अधिवेशन डिसेंबर 1936 चे. समग्र वाङ्मयाच्या मूळ छापील इंग्रजी आवृत्तीत तो काळ 64 व्या खंडात येतो. नंतरच्या संगणकीय आवृत्तीत खंडांची वाटणीच बदलली, त्यामुळे क्रमांक जुळत नाहीत. तारखेने शोधा. टिपणात खंडाच्या आकड्यापुढे कोणती आवृत्ती तेही लिहा, नाहीतर तुमचा लेख वाचणारा पुढचा माणूस याच जागी अडकेल.