व्हीआरएसचा अर्ज खणातच राहू द्या

पत्र, थोडक्यात: "वय 51. इंदुरात राजेंद्र नगरला राहतो. केंद्र सरकारच्या कार्यालयात 2000 सालापासून नोकरी. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. एकुलता एक मुलगा, वय 16, ऑटिझम, सर्टिफिकेटवर 65 टक्के. नववी झाली. शाळा म्हणते दहावीचं गणित झेपणार नाही, वेगळा विचार करा. घरी 78 वर्षांची आई आहे. मुलाला पूर्ण वेळ देता यावा म्हणून व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, अर्ज लिहून ठेवलाय. त्याच्यासाठी कोणता कोर्स योग्य ठरेल?"

नमस्कार.

तुमचं पत्र आठ पानांचं आहे. त्यातली साडेसात पानं चिरंजीवांबद्दल आणि स्वतःबद्दल एकच ओळ, "माझं ठीक चाललंय". कोर्सकडे येतेच, पण आधी अर्जाबद्दल बोलू. तो देऊ नका.

तुमची नेमणूक 1 जानेवारी 2004 च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन. वीस वर्षं भरलीत, तेव्हा नियमाने व्हीआरएस मिळेल, हे खरंच. पण हिशोब तुमच्या पेन्शनपाशी थांबत नाही. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या मागे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते आणि ती मोजतात तुमच्या शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्क्यांनी. आज निघालात तर पुढच्या नऊ वर्षांच्या वेतनवाढी तुमच्या जातील आणि त्याच्याही. तो सत्तर वर्षांचा होईल तेव्हाच्या महिन्याचा पाया तुम्ही आत्ता, या थकव्यात, ठरवताय.

त्यातून तुमच्या धाकट्या भावाने घातलेली भीती, की मुलगा चार पैसे कमवायला लागला तर पेन्शन बुडेल. 2021 पासून तसं राहिलेलं नाही. त्याचं इतर उत्पन्न त्या 30 टक्के अधिक महागाई मदतीच्या आत असेल तर पेन्शन मिळते. म्हणजे त्याने काम करायला हरकत नाही. फक्त कार्यालयातल्या कुटुंबाच्या तपशिलाच्या फॉर्मवर त्याचं नाव दिव्यांग म्हणून, सर्टिफिकेट जोडून चढवून घ्या. हे तुमच्या हयातीत, तुमच्या हातून झालं की पुढे कुणाला चपला झिजवाव्या लागत नाहीत.

मग वेळ कुठून आणायचा? तुम्ही लिहिलंय, कार्यालयातल्या बाबूंनी बालसंगोपन रजेचं विचारल्यावर हसून "वो तो लेडीज के लिए है" म्हटलं आणि तुम्ही टेबलावरून परत आलात. त्यांची माहिती जुनी आहे. 2018 च्या अखेरीस नियम बदलला आणि एकट्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ही रजा लागू झाली. विधुर त्यात येतो. पूर्ण नोकरीत 730 दिवस. पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 365 ऐंशी टक्के पगारावर. एरवी मूल अठराचं झालं की ही रजा संपते, पण 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर वयाची अट नाही. एका वेळी किमान पाच दिवस आणि वर्षात तीनदा घेता येते. आता पाहा, तुमच्या हातात दोन वर्षं पगारी आहेत आणि तुम्ही नोकरी सोडायला निघालात! बदलीचीही धास्ती लिहिलीत. दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट द्यावी असा डीओपीटीचा, म्हणजे केंद्राच्या कार्मिक विभागाचा, 2014 चा आदेश आहे. "प्रशासकीय अडचण नसल्यास" हे शेपूट त्याला आहेच, तरी अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी विचाराल तर तोंडीच नाही म्हणतील.

आता दहावी.

शाळेने "वेगळा विचार करा" म्हटलं, पण कोणता ते सांगितलं नाही. सीबीएसईतही दिव्यांग विद्यार्थ्याला एक भाषा आणि बाकी चार विषय निवडायची मुभा आहे. अडचण अशी की ते विषय शाळेने शिकवायला हवेत. भांडलात तर कदाचित मिळेलही, पण त्या वर्गात त्याला कुणी नको असेल तर त्या भांडणात मी तुमची शक्ती घालवणार नाही. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करा. पाच विषय, त्यातली एक तरी भाषा, गणिताची सक्ती नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री हे विषय तिथे आहेत. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय जमा राहतो. वर्षाला दोन विषय काढले तरी एकोणीसपर्यंत दहावी होते. कुणी शर्यत लावलेली नाही. बालसंगोपन रजेतला एक तुकडा परीक्षेसाठी राखून ठेवा, जादा वेळ आणि लेखनिक यांचा अर्ज नोंदणीबरोबरच करा.

भाषा कोणती घ्यावी, असं विचारलंत. घरात आजीशी मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी, अशी आपल्या इंदुरी मुलांची खिचडी त्याचीही आहे. एनआयओएसला मराठी मिळते, पण तो वाचतो हिंदीत. दुकानाच्या पाट्या, बसवरची नावं सगळी हिंदीतच वाचतो, असं तुम्हीच लिहिलंय. हिंदी घ्या. (मराठी कॉलमात हे लिहिताना माझा हात अडखळला, हे कबूल करते.) घरातलं मराठी मात्र बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडतं, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलंय. तसं नाही.

पत्राच्या सहाव्या पानावर मी मात्र जास्त थांबले. तुमच्या मित्राचं नमकीनचं दुकान. सुट्टीत तो तिथे बसतो, डिजिटल काट्यावर पाव किलोची पाकिटं भरतो. 249 दाखवलं तर एक काडी शेव टाकतो, 251 झालं तर एक काढतो, आणि दहा मिनिटांत तीन पाकिटं होतात. मित्र म्हणतो, मन लावून करतो पण परवडत नाही. तुम्ही खाली लिहिलंय, "घरात तीन पिढ्या नोकरदार, आणि मुलगा शेवेची पाकिटं भरणार?"

भरू द्या. आठ पानांत हीच एक गोष्ट अशी आहे, जी तो कुणी न सांगता, न रागावता करतो. स्वच्छ हात, एक टेबल, एक काटा, ठरलेलं वजन, शेवटी मोजता येणारा ढीग. पुष्कळ संस्थांत असं काम मुद्दाम बनवून शिकवावं लागतं, ते तुमच्या मित्राकडे आयतं आहे. आणि हे इंदूर आहे, नमकीनवाल्यांच्या गावात पॅकिंगवाल्याला काम संपत नाही.

वेग कसा वाढेल? त्याला "जरा इकडे-तिकडे चालतं" म्हणू नका. "जरा" म्हणजे किती हे त्याला कळत नाही आणि तो त्रासतो. त्याला नियमच द्या. काट्याशेजारी एक कार्ड चिकटवा: 250, 251, 252, 253, 254, पाचही आकडे हिरवे. हिरवा आकडा दिसला की पाकीट बंद. 249 लाल, 255 लाल. चार ग्रॅम शेव गिऱ्हाइकाला जास्त गेली तर मित्राचं दिवाळं निघणार नाही. नियम बदललाय हे आदल्या दिवशी घरी सांगा, दुकानात एकदम नको.

सुरुवातीला आठवड्यात तीन दिवस, दोन तास, तीच खुर्ची. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामाला बंदी आहे, म्हणून भट्टी आणि कढईपासून लांब, फक्त पॅकिंगला. पैसे मात्र द्यायला लावा, थोडे का होईनात, दर शनिवारी, त्याच्या हातात. मित्र आहे म्हणून फुकट ठेवलं तर तो पाहुणाच राहील. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, दुकानं बंद, ढोल, डीजे. तो दिवस कॅलेंडरवर महिनाभर आधी वेगळ्या रंगाने रंगवून ठेवा. दिवाळीच्या गर्दीत त्याला रजाच द्या.

दहावी आणि काम यांच्या जोडीला दाढी, आंघोळ, संडासाची कडी लावणं, सुटे पैसे मोजणं, दहा मिनिटं थांबणं. ही यादी मार्कशीटपेक्षा जास्त वेळा नोकरी टिकवते किंवा घालवते. बायको होती तोवर हे तिच्याकडे होतं, आता सोळाव्या वर्षी बापच हवा. न्हाव्याकडे ट्रिमरच्या आवाजाने ओरडतो म्हणता, तर घरी साधा रेझर, आरशासमोर, तुमच्याबरोबर.

"कोट्यातून सरकारी नोकरी लागेल" असं नातेवाईक म्हणतात. 2016 च्या कायद्याने 4 टक्के जागा आहेत, त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. परीक्षा देऊन. दार बंद करू नका, पण त्या दारासमोर बसूनही राहू नका. पुण्याला बिऱ्हाड हलवायचा सल्लाही सध्या बाजूला ठेवा. थेरपी तिथे जास्त मिळेल, पण काट्यावर बसवणारा मित्र मिळणार नाही.

तो अठराचा झाला की कायद्याने तुम्ही आपोआप पालक राहत नाही. ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी असलेल्या नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तुमच्यामागे कोण, हे तेव्हा विचारात घ्या. पत्रात बहिणीचं नाव दोनदा आलंय, तिच्याशी एकदा स्पष्ट बोला. निरामय हा आरोग्य विमाही त्याच ट्रस्टचा, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो. तो अजून काढला नसेल तर याच महिन्यात काढा.

शेवटचं पान मी दोनदा वाचलं. वहिनींनी फ्रिजवर लावलेली वेल्क्रोची कार्डं: आंघोळ, पोहे, शाळा, आई, जेवण. रोज चार वाजता तो "आई" कार्ड लावतो आणि स्वयंपाकघरातल्या देवघराचं छोटं दार उघडून आत बघतो. तुमच्या आईंनी कार्ड काढून ठेवलं तर दोन दिवस जेवला नाही.

तो बरोबर शोधतोय. त्याला सगळ्यांनी सांगितलं, आई देवाघरी गेली. देवघर त्याला एकच माहीत आहे. त्याला सरळ सांगावं लागेल: आई मेली. तिचं शरीर चालायचं थांबलं. ती परत येणार नाही. हे तुम्हालाच जड जाईल, म्हणून आधी एकट्याने मोठ्याने म्हणून बघा. कार्ड काढू नका. चार वाजता "आई" म्हणजे आता तिचा फोटो, चहा आणि आजी, पंधरा मिनिटं. सव्वाचारला त्यापुढचं कार्ड, "दुकान".

ते कार्ड तुम्ही बनवा. अक्षर वहिनींसारखं नसलं तरी चालेल. चित्र मात्र मित्राच्या दुकानातल्या त्याच पाकिटाचं घ्या. दुसऱ्या ब्रँडचं घेतलंत तर काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.