वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय रिले संघातील चौघी कशा ठरतात?

जिल्ह्यातील शालेय मैदानी स्पर्धांचा हंगाम आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रिलेविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी बहुतेक पत्रांचा रोख महिलांच्या राष्ट्रीय संघाच्या निवडीवर असल्यामुळे इतर विषयांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या महिलांचा ४ बाय ४०० मीटर रिले संघ प्राथमिक फेरीतच बाद झाला. त्याच वर्षी पंचकुला येथे ४०० मीटर अंतर ५०.९२ सेकंदांत धावून किरण पहल हिने वैयक्तिक शर्यतीची पात्रता मिळवली होती. मात्र पॅरिसमध्ये रिलेच्या चौघींत ती नव्हती. देशातल्या सर्वांत वेगवान चार मुली उतरवणे एवढा साधा हा हिशेब नाही काय?
(एक निवृत्त क्रीडाशिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : सर, आपला हिशेब निम्म्याहून अधिक बरोबर आहे, आणि उरलेल्या भागावरच निवड समित्यांचे सगळे वाद उभे राहतात. प्रथम घटनाक्रम पाहू. मे २०२४ मध्ये बहामाजमधील नासाऊ येथे झालेल्या जागतिक रिले स्पर्धेत रूपल चौधरी, एम. आर. पूवम्मा, ज्योतिकाश्री दंडी आणि शुभा वेंकटेशन यांनी ३ मिनिटे २९.३५ सेकंदांत शर्यत पूर्ण करून भारताला ऑलिंपिकचे स्थान मिळवून दिले. पॅरिसमध्ये विथ्या रामराज, ज्योतिकाश्री, पूवम्मा आणि शुभा धावल्या आणि वेळ ३ मिनिटे ३२.५१ सेकंद लागली. पात्रता देशाच्या संघाला मिळते, धावपटूला व्यक्तिशः मिळत नाही. त्यामुळे मधल्या तीन महिन्यांत संघ बदलण्यात नियमबाह्य असे काही नव्हते. मात्र आकडा बोलका आहे. पॅरिसच्या वेळेची सरासरी काढली तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ५३.१ सेकंद येतात. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत राजविंदर कौर, के. एम. बीनामोल, चित्रा सोमण आणि मनजीत कौर यांनी नोंदवलेल्या ३ मिनिटे २६.८९ सेकंदांची सरासरी ५१.७ येते. वीस वर्षांनंतर प्रत्येक टप्प्यामागे जवळजवळ दीड सेकंद अधिक लागावा, हे कोणत्याही निवड धोरणाचे समर्थन करताना अडचणीचे ठरते.

आता दुसरी बाजू. वैयक्तिक ४०० मीटरची वेळ आणि रिलेतल्या टप्प्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली धावपटू ब्लॉकमधून (पाय रोवण्याच्या आधारातून) सुटते आणि संपूर्ण फेरी आपल्या लेनमध्ये धावते, म्हणून तिची वेळ वैयक्तिक वेळेशी थेट ताडून पाहता येते. पुढच्या तिघी चालत्या वेगात बॅटन (एकीने दुसरीच्या हाती द्यायची कांडी) घेतात, त्यांना पिस्तुलाच्या आवाजाला प्रतिसाद द्यायचा नसतो, आणि त्यामुळे त्यांचा टप्पा वैयक्तिक वेळेपेक्षा अनेकदा अर्ध्या ते एका सेकंदाने जलद भरतो. दुसरी धावपटू पहिले वळण संपल्यावर लेन सोडून आत येते आणि तेथून खांद्याला खांदे लागतात. तिसरी आणि चौथी यांना तर बॅटन आणणाऱ्या संघांचा २०० मीटरवर जो क्रम असेल त्या क्रमाने आतून बाहेर उभे राहावे लागते, म्हणजे आपण कुठे उभे राहणार हेदेखील आधी ठाऊक नसते. स्वतःच्या लेनमध्ये सुरेख धावणारी एखादी मुलगी या गर्दीत अडकते, बाहेरून वळसा घेते आणि कागदावर कमावलेले सारे तेथे गमावते.

म्हणूनच जगभर या संघात केवळ ४०० मीटरच्या धावपटू नसतात. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अमेरिकेने सिडनी मॅकलॉफलिन आणि दलिला मुहम्मद या दोन ४०० मीटर हर्डल्सच्या (अडथळा शर्यतीच्या) धावपटू, ८०० मीटरची विजेती अथिंग मू आणि अ‍ॅलिसन फेलिक्स यांना उतरवले व ३ मिनिटे १६.८५ सेकंदांत सुवर्ण घेतले. आपल्याकडेही ही रीत जुनीच आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून सातव्या आलेल्या आपल्या संघात पी. टी. उषा आणि एम. डी. वल्सम्मा या हर्डल्सच्या, शायनी अब्राहम ८०० मीटरची, आणि चौथी वंदना राव होती. बीनामोलने २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे आणि रिलेचे अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. २०१४ मध्ये इंचिऑनला सुवर्ण मिळवणाऱ्या चौघींत ८०० मीटरची टिंटू लुका होती. हर्डल्सच्या मुलीला पावलांची लय सांभाळून थकव्यात धावायची सवय असते, आणि ८०० मीटरची मुलगी गर्दीत वाट काढायला शिकलेली असते, शिवाय शेवटच्या शंभर मीटरला कोसळत नाही. तेव्हा निवड समिती ४०० मीटरच्या यादीबाहेर पाहते ते योग्यच आहे.

परंतु येथे एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे, आणि तो न घेतल्यामुळेच माझ्या मते आपल्याकडे गोंधळ होतो. यादीबाहेर पाहणे म्हणजे अधिक वेगवान पर्याय शोधणे. यादीतल्या सर्वांत वरच्या मुलीला वगळण्यासाठी ते कारण पुरत नाही. अशा वेळी सहसा राष्ट्रीय शिबिराचा दाखला दिला जातो : जी मुलगी पतियाळा किंवा तिरुवनंतपुरमच्या शिबिरात सर्वांबरोबर सराव करत नाही, तिला संघात घेणे जोखमीचे आहे, असे म्हणतात. ४ बाय १०० मीटरच्या बाबतीत हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तेथे घेणारी मागे न पाहता हात मागे करते, देणारीचा वेग आणि घेणारीचा प्रारंभ यांचा मेळ महिनोन्‌महिने जोडीने सराव केल्याखेरीज बसत नाही. ४ बाय ४०० मध्ये मात्र घेणारी वळून पाहत बॅटन घेते. देणारी दमून आलेली असते, म्हणून वेग जुळवण्याची जबाबदारी घेणारीवर असते, आणि अनुभवी धावपटूला हे कौशल्य काही दिवसांच्या एकत्र सरावात आत्मसात होऊ शकते. त्यासाठी अर्ध्या-एका सेकंदाने वेगवान मुलगी बाहेर ठेवण्याची किंमत फार मोठी आहे.

शिबिराच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो, तो उत्तेजक चाचण्यांचा. एकीचा दोष चौघींना भोवतो हे खरे : २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील जमैकाच्या पुरुष संघाचे ४ बाय १०० मीटरचे सुवर्ण एका सहकाऱ्याच्या नमुन्याच्या फेरतपासणीत दोष आढळल्यामुळे २०१७ मध्ये गेले आणि उसेन बोल्टलाही आपले पदक परत करावे लागले. तथापि शिबिर म्हणजे निर्दोषत्वाची हमी नव्हे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या आपल्या चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी चाचणीत सापडल्या, तेव्हा त्या राष्ट्रीय शिबिरातच होत्या.

कोल्हापूरकरांना खासबागेच्या कुस्ती मैदानात दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल कळतो आणि पंचाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. रिलेच्या निवडीत तशी सोय नाही, म्हणूनच निकष आधी लिहून जाहीर करणे अपरिहार्य ठरते. फेडरेशन कप आणि आंतरराज्य स्पर्धा यांतील वेळांना किती वजन, रिलेतल्या टप्प्यांच्या मोजलेल्या वेळांना किती, लागोपाठ दोन दिवस धावण्याची क्षमता कशी तपासणार, आणि शिबिराबाहेरच्या मुलीने कोणत्या तारखेपर्यंत रुजू व्हावे, हे हंगामाच्या प्रारंभीच सांगितले तर प्रशिक्षकाचा विवेक शिल्लक राहतो आणि मुलीलाही आपण कशासाठी धावतो आहोत ते कळते. स्पर्धा झाल्यावर सांगितलेला निकष कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो संशयानेच ऐकला जातो.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. २०० मीटर ती चांगली धावते, पण ४०० मीटरमध्ये शेवटी मागे पडते. तिने कोणत्या रिलेकडे लक्ष द्यावे, आणि कागलसारख्या गावातून राष्ट्रीय शिबिरापर्यंतचा मार्ग कसा असतो?
(एक आई, कागल)

उत्तर : ताई, सतराव्या वर्षी शेवटच्या शंभर मीटरला मागे पडणे हे ४०० मीटर सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. २०० मीटरचा वेग सहज शिकवता येत नाही. ४०० मीटरचा दम मात्र दोन-तीन वर्षांच्या शिस्तबद्ध सरावाने वाढतो. एकोणीस वर्षांपर्यंत तिने दोन्ही अंतरे धावावीत आणि दोन्ही रिलेंत बॅटन हाताळावा, असे मी सुचवेन. रंकाळ्याभोवती पहाटे धावून दम वाढेल, परंतु वळणावर वेग टिकवणे आणि पूर्ण वेगात बॅटन देणे-घेणे यांसाठी आखलेल्या मैदानावरच जावे लागेल.

मार्गाविषयी पालकांचा एक गैरसमज वारंवार दिसतो. जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा आणि जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धा या दोन स्वतंत्र वाटा आहेत. शालेय स्पर्धेतील यश प्रवेशासाठी आणि गुणांसाठी उपयोगी असले, तरी राष्ट्रीय महासंघाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ स्पर्धांत उतरण्यासाठी जिल्हा व राज्य संघटनेच्या निवडीतून जावे लागते. जन्मदाखल्यासह वयाची कागदपत्रे आताच नीट करून ठेवा. आयत्या वेळी याच ठिकाणी अडचण येते. महाविद्यालयात गेल्यावर शिवाजी विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेची तिसरी वाट खुली होते. कनिष्ठ गटातून वर येणे किती फलदायी ठरते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे वर उल्लेखलेली रूपल चौधरी : २०२२ मध्ये कोलंबियातील काली येथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने ४०० मीटरचे कांस्य आणि मिश्र (दोन पुरुष व दोन महिलांच्या) रिलेचे रौप्य अशी दोन पदके मिळवली आणि दोन वर्षांनी ती वरिष्ठ संघातून नासाऊला धावली. महाराष्ट्रातील उदाहरण हवे असेल तर मुंबईची ऐश्वर्या मिश्रा २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या संघात होती.

वेळेबाबत एक सावधगिरीची सूचना. शाळेच्या मैदानावर हातातल्या घड्याळाने घेतलेली वेळ विद्युत यंत्रणेच्या वेळेपेक्षा कमी दिसते. २०० मीटरपर्यंत ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद त्यात मिळवून मगच राज्य पातळीवरील वेळांशी तुलना करावी, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

प्रश्न : ४ बाय १०० मीटरमध्ये सर्वांत वेगवान मुलगी शेवटीच धावली पाहिजे, असे आमचे प्रशिक्षक म्हणतात. ते बरोबर आहे का?
(एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : हा दंडक नव्हे. पहिली आणि तिसरी वळणावर धावतात व बॅटन उजव्या हातात ठेवतात. दुसरी आणि चौथी सरळ रेषेवर धावतात व तो डाव्या हातात घेतात. दुसरी आणि तिसरी या दोघींना घ्यावाही लागतो आणि द्यावाही लागतो, म्हणून बॅटनसह सर्वाधिक अंतर धावण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते. बॅटन बदलण्याचे क्षेत्र पूर्वी २० मीटर होते आणि त्याआधी वेग घेण्यासाठी १० मीटर मिळत; आता सगळे मिळून ३० मीटरचे एकच क्षेत्र आहे, त्यामुळे कोणत्या मुलीला थोडे जास्त आणि कोणाला थोडे कमी धावू द्यायचे हे प्रशिक्षकाला ठरवता येते. ब्लॉकमधून उत्तम सुटणारी पण घेताना गडबडणारी मुलगी पहिली ठेवावी. उंच आणि वळणावर अवघडणारी मुलगी दुसरी किंवा चौथी. आणि हात स्थिर असलेली, वळणाची सवय असलेली मुलगी तिसरी. वेगापेक्षा बदल महत्त्वाचा असतो हे अथेन्समध्ये २००४ साली दिसले : मेरियन जोन्स आणि लॉरिन विल्यम्स यांच्यातील बॅटन ठरलेल्या क्षेत्रात हस्तांतरित झाला नाही आणि अमेरिकेचा बलाढ्य संघ अंतिम फेरीतून बाद झाला. आपल्या प्रशिक्षकांना मान देऊन इतकेच सुचवते की शेवटच्या टप्प्यासाठी दोन मुलींना आलटून पालटून धावायला लावून बॅटनची एकूण वेळ मोजा. उत्तर तुमच्याच मैदानावर मिळेल.

प्रश्न : मिश्र रिले सुरू झाल्यापासून महिलांच्या संघावर ताण येतो का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : येतो. ऑलिंपिकमध्ये मिश्र रिले टोकियोपासून आली आणि २०२२ पासून तिचा क्रम पुरुष, महिला, पुरुष, महिला असा ठरवून दिला आहे, त्यामुळे दोन उत्तम महिला तेथे लागतातच. हांगझोऊला विथ्या रामराजने ४०० मीटर हर्डल्सच्या प्राथमिक फेरीत ५५.४२ सेकंदांची वेळ देऊन उषाच्या १९८४ च्या राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केली, अंतिम फेरीत कांस्य मिळवले, आणि मिश्र व महिला अशा दोन्ही रिलेंत रौप्यपदके मिळवली. अशी मुलगी एखादीच असते. बाकीच्यांसाठी निदान सहा-सात समान क्षमतेच्या धावपटूंचा गट तयार असणे हाच उपाय आहे.

प्रश्न : राखीव मुलीला पदक मिळते का?
(एक पालक, उचगाव)

उत्तर : ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत धावलेल्या मुलीला, अंतिम फेरीत ती उतरली नसली तरी, पदक मिळते, टोकियोमध्ये अमेरिकेने अंतिम फेरीत चारही महिला बदलल्या आणि आठ जणींना सुवर्ण मिळाले. जी कोणत्याच फेरीत धावली नाही तिला मात्र पदक मिळत नाही.