सिलिंडर आडवा करू नका! कॅराव्हॅनवाल्यांचे प्रश्न

इस्टर जवळ आला की इथे ब्रिटनमधल्या, कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींचे मेसेज सुरू होतात, ताई हे कसं, ताई ते कसं. यावेळी गॅसचे प्रश्न जास्त आलेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लेस्टरहून प्रश्न: ऑक्टोबरच्या सुट्टीत लेक डिस्ट्रिक्टला होतो. पहाटे चहाला गॅस पेटेचना. सिलिंडर निळा, हलवला तर आत गॅस आहे हे कळत होतं. सासूबाई म्हणाल्या आडवा करा, केला, थोडा वेळ चाललाही. बरोबर केलं ना?

नाही हो, चूक केलंत. पण सासूबाईंना काही बोलू नका, माझ्या आईनेही हेच शिकवलंय, 14.2 किलोचा सिलिंडर संपत आला की आडवा पाड नाहीतर गरम पाण्याच्या परातीत उभा कर, नंबर लावलेला दुसरा येईपर्यंत तेवढीच दोन दिवसांची सोय. दोन्ही गोष्टी धोक्याच्या. सिलिंडरमध्ये खाली द्रव असतो आणि वर वाफ, आणि रेग्युलेटर फक्त वाफेसाठी बनवलेला असतो. आडवा केला की द्रवच पाइपात शिरतो आणि मग ज्योत केव्हा भडकेल त्याचा नेम नाही.

मूळ भानगड रंगाची आहे. निळा म्हणजे ब्युटेन, थंडी शून्याच्या आसपास गेली की त्याची वाफच होत नाही, आत भरलेला असून उपयोग शून्य. लाल म्हणजे प्रोपेन, तो उणे 42 पर्यंत वाफ देतो, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकच्या पहाटेला त्याला काहीच होत नाही. आपल्या गावाकडच्या सिलिंडरमध्ये दोन्हीचं मिश्रण असतं म्हणून हा प्रकार आपण कधी पाहिलेलाच नसतो. मी तर बारा महिने लालच वापरते. 2003 नंतरची कॅराव्हॅन असेल तर बहुतेक रेग्युलेटर भिंतीला पक्का बसवलेला असतो आणि तो दोन्ही गॅसला चालतो, बदलायचा फक्त सिलिंडरकडचा पाइप. प्रोपेनच्या नटाला उलटे आटे असतात हे लक्षात ठेवा, आमच्या ह्यांनी पहिल्यांदा पाऊण तास पाना उलट्या दिशेने फिरवला आणि दुकानदाराला शिव्या घातल्या. जोडून झालं की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी ओढून नाही.

आणि एक, सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोकं असतात ती गारवा येतो म्हणून बुजवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्याला बाहेर पडायला तेवढीच वाट. आमच्याकडे एका डिसेंबरात मला तिथे जुना बनियन कोंबलेला सापडला. कोणी कोंबला ते घरात सगळ्यांना माहितीये.

त्याच विषयावर कोव्हेंट्रीहून: 6 किलोचा लाल सिलिंडर किती दिवस पुरतो?

नुसता स्वयंपाक असेल तर भरपूर. हीटर लावला की पाण्यासारखा जातो. हिशेब सोपा आहे, एक किलो प्रोपेनमध्ये साधारण 14 युनिट विजेएवढी उष्णता असते, 2 किलोवॉटचा हीटर अखंड चालवला तर किलोमागे सात तास, म्हणजे अख्खा सिलिंडर दोन दिवसही नाही. कॅराव्हॅन लावायच्या साइटवर वीज घेतली असेल तर हीटर आणि फ्रिज विजेवर टाका, गॅस फोडणीला ठेवा.

स्लाववरून प्रश्न: गेल्या वेळी पिचवर, म्हणजे साइटवरच्या आमच्या जागेवर, सगळं लावलं पण फ्रिज दोन दिवस थंडच झाला नाही, वर बाहेरचं दार नीट लागेना. कॅराव्हॅनच खराब निघाली का?

खराब नाही, वाकडी उभी होती. तो फ्रिज घरच्यासारखा कॉम्प्रेसरवाला नसेल, आतलं अमोनियाचं पाणी उष्णतेने वर चढतं आणि उताराने खाली येतं, कॅराव्हॅन फार कलली की ते फिरणंच थांबतं. आणि दार लागत नाही कारण तुम्ही कोपऱ्यातले चार पाय जॅकसारखे वापरून एक कोपरा उचललात, बरोबर ना? त्याने सांगाडा पिळवटतो. ते पाय फक्त टेकू द्यायला असतात.

क्रम असा ठेवा. आधी गाडी जोडलेली असतानाच डावी-उजवी बाजू बघायची, जी खाली असेल त्या चाकाखाली रॅम्प ठेवून सावकाश वर घ्यायची. मग हँडब्रेक, चाकांना अडण्या, आणि त्यानंतरच गाडी सोडवायची. पुढच्या छोट्या चाकाने पुढे-मागे लेव्हल करायचं आणि सगळ्यात शेवटी चार पाय, जमिनीला टेकून जरा घट्ट होईपर्यंत, बास. स्पिरिट लेव्हल ड्रॉवरमध्ये पडून असते, आमचा मुलगा ओट्यावर लिंबू ठेवतो, लिंबू थांबलं की पास. शेजाऱ्यापासून 6 मीटर अंतर ठेवा, आगीसाठी आहे तो नियम, वॉर्डन आढ्यतेखोर आहे म्हणून नाही.

क्रॉयडनहून: किटली लावली की साइटची वीजच जाते.

10 अँपियरची साइट असणार. 230 व्होल्टला 10 अँपियर म्हणजे 2300 वॉट, आणि घरची किटली एकटीच 3000 ची, त्यात हीटर चालू. 16 अँपियरला 3680 मिळतात, तिथेही किटली आणि मिक्सर एकत्र नको. 1000 वॉटच्या आतली छोटी किटली घ्या, चहा दोन मिनिटं उशिरा मिळेल. फ्रान्सला जाणार असाल तर काही ठिकाणी 6 अँपियरच मिळतात. साइटच्या विजेच्या खांबापासून कॅराव्हॅनपर्यंतची केशरी केबल मात्र पूर्ण उलगडून ठेवा, वेटोळं करून ठेवली तर तापते. आधी कॅराव्हॅनला जोडायची, मग खांबाला. काढताना उलट.

ब्रॅडफर्डहून: पावसात कोळशाची शेगडी ऑनिंगमध्ये, म्हणजे कॅराव्हॅनला जोडलेल्या तंबूत, आणली तर?

नाही. विझली असं वाटत असली तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म घ्या.

मिल्टन कीन्सहून: जूनमध्ये नाशिकहून आईबाबा येतायत, स्कॉटलंडला नेणार आहे. साधं कार लायसन्स चालेल का? आईचे गुडघे दुखतात, तिला मागे कॅराव्हॅनमध्ये झोपवून नेलं तर?

आईंना मागे बिलकूल नाही, त्या गाडीतच, पट्टा लावून. लायसन्सचं म्हणाल तर 16 डिसेंबर 2021 पासून साध्या कार लायसन्सवर 3500 किलोपर्यंत ओढता येतं, पण तुमची गाडी किती ओढू शकते ते तिच्या कागदावर बघा. नवख्याने कॅराव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं. मोटरवेवर 60 मैल, साध्या रस्त्यावर 50, आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवी आपली नाही.

सॅटनॅववर फार विसंबू नका. यॉर्कशरमधला सटन बँकचा घाट कॅराव्हॅनला बंदच आहे, स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसकडे जाणारा बेलाक ना बा फोटोत कितीही छान दिसला तरी तिकडे जायचं नाही. आणि सामान भरताना 10 किलोचा तांदूळ, कुकर, लोणच्याच्या बरण्या हे सगळं मागच्या बाकाखाली ढकलू नका, एक्सलवर, खाली ठेवा. मागे वजन झालं की कॅराव्हॅन शेपटासारखी हलायला लागते, तेव्हा जोरात ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं.

तिथूनच दुसरा, जरा लाजत विचारलेला प्रश्न: टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, कोण रिकामी करणार?

गच्च भरली तर जवळजवळ 20 किलो होते, म्हणून रोज सकाळी करा, साइटवर त्यासाठी वेगळी जागा असते तिथेच, गटारात नाही, मग निळं औषध आणि थोडं पाणी घालून परत. आमच्याकडे आदल्या रात्री ज्याने भांडी घासली नाहीत तो नेतो. त्यामुळे भांड्यांसाठी भांडणं होतात, मी घासतो, मी घासतो म्हणून.