त्रिसीमेच्या सिमेंटी बेटावर पहिल्यांदा जाताना

सीमा पाहत हिंडायचा नाद नुकताच लागला असेल, तर सुरुवात ट्रेरिक्सरोसेटपासून करा. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड इथे गोल्डायार्वी तळ्यात एकत्र येतात. किनाऱ्यापासून सुमारे १० मीटरवर फिकट पिवळा काँक्रीटचा बुटका शंकू दिसतो, तेच हे माणसाने बांधलेलं बेट. लाकडी फळ्यांवरून तिथवर जाता येतं आणि मिनिटभरात तिन्ही देशांची प्रदक्षिणा होते!

आजचा शंकू १९२६ चा. त्याआधी १८९७ मध्ये नॉर्वे आणि रशियाने (फिनलंड तेव्हा झारच्या अमलाखाली) इथे खूण उभारली. सीमा-आयोगावरून (सीमा आखणारी समिती) स्वीडनचं नॉर्वेशी काही जमेना, तो १९०१ मध्ये सामील झाला.

फिनलंडच्या किल्पिसयार्वी गावातून निघा. मल्ला राखीव क्षेत्रातून ११ किलोमीटरची पायवाट आहे. उन्हाळ्यात बोटीने गावाजवळचं किल्पिसयार्वी हे मोठं तळं ओलांडलं, तर उरतात ३ किलोमीटर. माझं ऐकाल तर जाताना चाला, येताना बोट. मल्लात पायवाट सोडायची नाही, तंबूही ठोकायचा नाही. जूनमध्ये वर बर्फ असू शकतो, जुलैत डास छळतात.

परतीच्या बोटीसाठी मोबाइलच्या घड्याळावर विसंबू नका. फिनलंड शेजाऱ्यांपेक्षा एक तास पुढे आहे, आणि फोन कुठल्या देशाचं नेटवर्क पकडेल याचा नेम नाही. साधं मनगटी घड्याळ बरं. भारतीय पासपोर्टवर एकच शेंगेन व्हिसा तिन्हीकडे चालतो. शिक्क्याची हौस मात्र सोडा, तिथे तो मारायला कुणी बसलेलं नसतं.