चवथीचा रंग आणि भिंतीतली ओल

पाऊस सुरू झाला की मला येणारे प्रश्न तेच असतात, गावं तेवढी बदलतात. घरातली ओल आणि हवा तपासणे हा माझा धंदा, त्यामुळे तक्रार नाही. पण फोनवर तेच पुन्हा सांगण्यापेक्षा काहींची उत्तरे इथे एकदाच देतो.

घरात झाडे ठेवली की हवा शुद्ध होते म्हणतात. कुठली ठेवू? (म्हापसा)

आवडतील ती. हवा शुद्ध होत नाही. नर्सरीवाले 'नासा'च्या 1989 च्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो बंद पेटीत केलेला होता. तुमच्या हॉलमध्ये तेवढा परिणाम हवा असेल, तर पाय ठेवायला जागा उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील.

रात्रभर एसी लावून झोपतो, तरी सकाळी डोके जड. एसीतून ताजी हवा येते ना? (पर्वरी)

नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. दोन माणसे आठ तास दार लावून झोपली की कार्बन डायऑक्साइड साचतो. तो 1000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) वर गेला की हवा पुरेशी बदलत नाही असे समजतात, आणि बंद खोलीत तो आकडा सहज ओलांडतो. दार चार बोटे उघडे ठेवा. दुसरे म्हणजे, 'मोठाच घ्या' असे सांगून दुकानदार लहान खोलीत दोन टनांचा एसी गळ्यात मारतात. तो खोली पटकन गार करून बंद पडतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो. दार उघडे ठेवूनही डोके जडच राहिले, किंवा तुम्ही घोरत असाल, तर माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे जा.

दरवर्षी चवथीआधी हॉल रंगवतो. तरी पुढच्या पावसात मखराच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके येतातच. दुकानदार म्हणतो, यंदा दहा वर्षांच्या वॉरंटीचा बुरशीरोधक रंग मारा. मारू का? (फोंडा)

मारू नका. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण चवथीला आठ दिवस असताना हाच फोन मला निम्म्या गोव्यातून येतो. जूनपासून पाणी प्यायलेला चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, आठ दिवसांत वाळेल कसा? ओल्या भिंतीवर प्लास्टिकसारखा रंग चढवला की आतली ओल अडते, रंगाला फोड येतात, लोणा (भिंतीतल्या क्षारांची पांढरी पूड) फुटतो, आणि पुढच्या वर्षी तोच दुकानदार त्याहून महाग डबा दाखवतो. वॉरंटीचा कागद नीट वाचा. भिंत कोरडी हवी, ही अट त्यात बहुधा असतेच.

आधी पाणी येते कुठून ते शोधा. जाड प्लास्टिकचा दोन विती लांबरुंद तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतेय: बाहेरची चीर, वरच्या मजल्यावरचे बाथरूम, गळकी पन्हळ. खोलीकडची बाजू ओली झाली तर ती घरातलीच वाफ. मागच्या वर्षी एका घरात तीन वर्षे कोपरा रंगवणे चालू होते. मी छत्री घेऊन मागे गेलो, तर पन्हळीच्या पाइपाचा एल्बो निसटलेला आणि पाण्याची धार थेट भिंतीवर. तीन वर्षांत मागे जाऊन कोणी पाहिलेच नव्हते.

घरातली वाफ असेल तर कपड्यांपासून सुरुवात करा. मशीनमधून काढलेले कपडे हॉलमध्ये वाळत घातले की दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जाते. आंघोळीनंतर एक्झॉस्ट वीस मिनिटे चालू ठेवा. त्याच्या जाळीला टिश्यूपेपर लावून बघा. चिकटला नाही तर पंखा नुसता आवाज करतोय. दाराखाली फट नसेल तर पंखा ओढणार तरी काय? आणि 'खिडक्या उघडा, ओल जाईल' हे अर्धेच खरे. जुलैच्या झडीत बाहेरची हवाच भिजलेली असते, तेव्हा खिडक्या उघडून भिंत वाळत नाही. उघडीप मिळाली की सगळ्या उघडा. साधा आर्द्रतामापक आणून ठेवा, 60 टक्क्यांच्या खाली राहिलात तर बुरशीचे फावत नाही.

दहा चौरस फुटांपर्यंतचा डाग मास्क, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने स्वतः पुसता येतो. कोरडा ब्रश घासू नका, बुरशीचे बी हवेत उडते. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात दम्याचा माणूस असेल, किंवा जिप्समचे सिलिंग काळे पडले असेल, तर हात न लावता जाणकाराला बोलवा. यंदा मखरामागे पडदा सोडा. रंग भिंत वाळल्यावर, मार्चमध्ये.

गॅस गीझर बाथरूममध्येच आहे. प्लंबर म्हणतो, खिडकी उघडी ठेवली की झाले. (डिचोली)

झाले नाही. पावसात ती खिडकी बंद होणार, हे त्यालाही माहीत आहे. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आजपासून वापर बंद करा आणि अधिकृत तंत्रज्ञाकडून गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. आंघोळीत चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली तर गॅस बंद करून बाहेर पडा आणि 108 ला फोन करा. पित्त म्हणून झोपून राहू नका.

कोळशाच्या धुळीसाठी आयोनायझरचा प्युरिफायर घेऊ का? (वास्को)

प्युरिफायर घ्या, आयोनायझर नको. काही आयोनायझर ओझोन सोडतात, तो फुप्फुसांना त्रास देतो. हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) घ्या, खोलीच्या मापाचा. आणि त्याच खोलीत रात्री मच्छर कॉइल पेटवत असाल तर पैसे वाचवा, आधी मच्छरदाणी आणा. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. मुलांना खोकला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या काढून स्लायडिंग बसवू का? वर पीओपीचे सिलिंगही करायचे आहे. (मडगाव)

नको. स्लायडिंग अर्धीच उघडते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जात होती, ती वाट पीओपीने बंद होईल. कंत्राटदाराच्या आधी जुन्या घरांची कामे केलेल्या वास्तुविशारदाला बोलवा. आणि तो येऊन पाहीपर्यंत एकही झडप भंगारात देऊ नका.